कोंबडीसकट टीव्ही

आखाडात पेरण्या आटोपल्या की कृषी केंद्रात गिऱ्हाईक दोनच कामांसाठी येतं: युरिया आला का विचारायला, नाहीतर उधारीची तारीख पुढं ढकलायला. दुसऱ्या प्रकारातलं एक गिऱ्हाईक महिनाभर तोंड दाखवेना, म्हणून शेवटी मीच त्याच्या घरी गेलो. "कोठ्यात हायेत," असं त्याच्या बायकोनं सांगितलं. मी कोठ्यात शिरेपर्यंत तो मागच्या कवाडानं पसार.

पण कोठ्यात दुसरंच कोणी भेटलं. ढेपेच्या पोत्याआड चार तिरक्या पायांवर उभी असलेली लाकडी पेटी, समोर सरकत्या पट्ट्यांची दारं. दार कुरकुरत सरकवलं तर आत काचेवर बोटभर धूळ. 1987 साली, मी चौथीत असताना, सेलू तालुक्यातलं आमचं अख्खं गाव ज्याच्यासमोर बसायचं, तोच हा टीव्ही. मागं जाऊन वाकलो. मागचं झाकण उंदरांनी खाल्लेलं, आणि पिक्चर ट्यूबच्या मानेखाली एक तांबडी कोंबडी अंड्यांवर बसलेली. तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं बँकेचा साहेब कर्जदाराकडे पाहतो.

संध्याकाळी मालक सापडला. "हौ, टीवी आमच्या मोठेबाबाचा हाय," तो म्हणाला. "पन आता कोंबडीचा हाय."

मोठेबाबा मुंबईला रेल्वेत होते. मुंबईत 2 ऑक्टोबर 1972 ला टीव्ही केंद्र सुरू झालं, तेव्हापासूनचा त्यांना या गोष्टीचा नाद. 1982 च्या एशियाडनं देशात रंगीत टीव्ही आणला आणि मुंबईकरांनी काळे-पांढरे संच विकायला काढले. त्यातला एक निवृत्तीच्या सामानासोबत स्टेशनातून बंडीवर बसून आमच्या गावात आला.

सौदा ठरला: साडेतीन हजारांची उधारी माफ, वर एक नवं खुराडं. पण ताबा लगेच नाही. कोंबडी बसल्याला चारच दिवस झाले होते, आणि पिल्लं निघायला एकवीस लागतात. सतरा दिवस मी रोज चौकशीला जात होतो. गावात बोलवा झाला की कृषी केंद्रवाले आता पोल्ट्री टाकून राह्यले.

"घरी एक टीवी हाय, तो तं पाहत नाई तुम्ही," बायको म्हणाली. "हा काय करता? पिल्लं निघाली न त्याची, आता अजून काय निघन त्याच्यातून?"

तिला जगाचे दाखले दिले. लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून 1936 मध्ये बीबीसीचं प्रक्षेपण सुरू झालं, तेव्हाच्या काही संचांत पिक्चर ट्यूब इतकी लांब असायची की आडवी ठेवली तर पेटी भिंतीतून शेजाऱ्याकडे निघावी. म्हणून ट्यूब उभी बसवायचे, झाकणाला आतून आरसा लावायचे आणि घरच्यांनी झाकण उघडून आरशात कार्यक्रम पाहायचा. असे संच लोक आज जिवापाड जपतात. "आरसा असता तं ठेवला असता मी," बायको म्हणाली, आणि विषय तिथंच संपला.

टीव्ही छपरीत आला. पहिला आठवडा फक्त साफसफाई. आतून निघालेल्या वस्तू: कोंबडीची पिसं, पालीची दोन अंडी, पंचवीस पैशांचं एक नाणं आणि पोस्टाचं लायसनचं पुस्तक. टीव्ही पाहायला एके काळी पोस्टात पैसे भरून लायसन काढावं लागायचं, हे पोरीला सांगितलं तर ती म्हणाली, "बाबा, मंग रिचार्जच म्हना न."

आता मेकॅनिक. वर्ध्यात एके काळी गल्लोगल्ली टीव्ही दुरुस्तीची दुकानं होती. त्यातला जो एक म्हातारा उरला होता तो आता विहिरीच्या मोटारी भरून देतो. त्याला मोटरसायकलवर बसवून आणला. त्यानं चष्मा लावला, पेटीत नाक घातलं आणि वास घेतला. मी हौसेनं आत हात घालायला गेलो तर ओरडला, "पयले एक हात खिशात घाल!"

मला वाटलं पैसे काढायला सांगतोय. तसं नव्हतं. पिक्चर ट्यूबला पंधरा हजार व्होल्टच्या आसपास दाब लागतो, आणि तो दाब टीव्ही बंद केल्यावरही काचेत दबा धरून बसू शकतो. दोन्ही हात आत असले तर झटका एका हातातून शिरून काळजातून दुसऱ्या हातात जातो. म्हणून एक हात खिशात. त्यानं लांब पेचकसाला वायर बांधून ती चेसिसला, म्हणजे आतल्या पत्र्याच्या सांगाड्याला, जोडली आणि टोक ट्यूबच्या रबरी टोपीखाली सारलं. मी आधीच ओसरीच्या खांबाआड होतो. काहीच झालं नाही. पस्तीस वर्षं कोठ्यात पडलेल्या वस्तूत काय राहणार? पण म्हातारा म्हणाला, "इमानदारी कोनाची सांगता येत नाई."

मग सिरीज बोर्ड. शंभराचा पिवळा बल्ब लाईट आणि टीव्हीच्या मधे जोडायचा. बल्ब भकभक पेटला की आत शॉर्ट आहे समजायचं; टीव्ही वाचतो, बल्ब बोंबलतो. आमचा बल्ब असा पेटला की छपरीत लग्नघर वाटावं. कंडेन्सर गेले होते, आतलं रसायन वाळून. ते मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून मागवले. दोन व्हॉल्व्ह, म्हणजे जुन्या संचात असायच्या त्या काचेच्या नळ्या, म्हाताऱ्याच्या माळ्यावर, औषधाच्या रिकाम्या डब्यात, कापसात गुंडाळून ठेवलेले निघाले. कोणासाठी ठेवले होते विचारलं तर म्हणाला, "असाच कोनी येडा येईन म्हनून."

पाचव्या फेरीत बल्ब मंद झाला. व्हॉल्व्हमध्ये तांबूस धग चढली. मग काचेच्या मधोमध उजेडाचा ठिपका आला, पसरला, आणि पडदाभर मुंग्या! त्या मुंग्या पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, हे लिहायला मला लाज वाटत नाही. "काय शांत चालून राह्यला पाह्य," मी म्हटलं. पोरीनं कानांवर हात ठेवले होते. "बाबा, केवढा किंचाळून राह्यला हा!" टीव्हीत सेकंदाला पंधरा हजार सहाशे पंचवीस रेघा आखल्या जातात आणि त्याची बारीक शीळ वाजते. ती पोरांना ऐकू येते, कुत्र्यांना येते. पन्नाशीच्या माणसाला येत नाही. कुत्रा आधीच सांदवाडीत गेला होता.

आता मुंग्यांच्या जागी चित्र आणायचं. पूर्वी केळझरच्या बाजूला, म्हणजे नागपूरकडे, अँटेनाचं तोंड केलं की झालं. टिनावर चढायचं काम माझं होतं. खालून आवाज यायचा, "आलं का?" हा प्रश्न मी विचारायचा की त्यांनी, हे शेवटपर्यंत ठरलं नाही. "होतं, गेलं!" "आता?" "तू हलू नको, तू पकडला की येते!" अर्धं रामायण मी अँटेनाचा भाग होऊन काढलं. आता ते जुन्या पद्धतीचं प्रक्षेपणच बंद. शेवटी तालुक्याच्या केबलवाल्याकडं, केबल डिजिटल झाल्यापासून कोपऱ्यात पडलेला मॉड्युलेटर, म्हणजे डब्यातलं चित्र जुन्या टीव्हीला समजेल असं करून देणारं यंत्र, मिळाला: दोनशे रुपये आणि दोन किलो तुरीची डाळ. फ्री डिशचा डबा, त्यातून वायर मॉड्युलेटरला, तिथून टीव्हीला. डब्यात रामायणाचा पेनड्राइव्ह लावला की झालं.

माझा खरा छळ इथून पुढं सुरू झाला. टीव्ही मी विकत घेतला होता, पण त्याच्यासोबत गावाची जुनी भांडणंही आली, याची कल्पना नव्हती. रविवारी सकाळी साडेनऊला, म्हणजे मुळातल्याच वेळेला, लावतो असं सांगितलं होतं. आठ वाजताच माणसं हजर. 25 जानेवारी 1987 ला पहिला भाग लागला, तेव्हा टीव्हीला हार कोणी घातला यावरून दोन सत्तरीचे गृहस्थ भिडले. माजी सरपंचांनी ते रंगीत प्लास्टिक स्वखर्चानं आणल्याचं जाहीर केलं. वर निळी, मधे पिवळी, खाली हिरवी पट्टी. काळ्या-पांढऱ्या टीव्हीपुढं लावली की रंगीत. राम निळा दिसायचा ते शास्त्राला धरूनच होतं, पण रावणही मानेपर्यंत निळा यायचा. मोठेबाबांच्या पुतण्यानं, म्हणजे माझ्या उधारीवाल्यानं, पेटीतून निघालेल्या पंचवीस पैशांवर हक्क सांगितला. मोठेबाबा पोरांकडून चार-चार आणे घ्यायचे, हे त्या नाण्यानं भर सभेत उघड झालं ते वेगळंच.

या गलक्यात शेवटच्या घरची आजी काठी टेकत आली आणि दारातच थांबली. मी आत बोलावलं. ती पहिल्या रांगेतल्या खुर्चीकडे बघत राहिली. 1987 मध्ये ती काट्याच्या कुंपणाबाहेर उभी राहून पाहायची, लेकरू कडेवर घेऊन. कोण अंगणात बसणार आणि कोण कुंपणाबाहेर उभं राहणार, हे गावात कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. सगळ्यांना माहीत होतं.

"तुम्ही सगळे भाग पाहिले होते न आजी?" मी विचारलं.

"पाह्यले न. अठ्ठ्याहत्तरच्या अठ्ठ्याहत्तर. पन खांब मधात ये. मले डाव्या अंगाचा टीवी दिसे, उजव्या अंगाचा नाई." ती हसली. "आमच्याकडं रावनच जास्त ये. राम एखाद्या वक्ती खांबाच्या इकडं आला तं आला."

सगळे गप्प झाले. हारवाले दोघंही.

आजी खुर्चीवर बसली. मी बटण फिरवलं. व्हॉल्व्हना धग चढायला अर्धा मिनिट लागतो. ठिपका आला, पसरला, सूर ऐकू यायला लागला, आणि लाईट गेली. आमच्या फीडरची रविवारची देखभाल असते, हे मी विसरलोच होतो.

"गेली आता बारा वाजेलोक," कोणीतरी म्हणालं. माणसं उठायला लागली. हारवाले पुन्हा भांडत बाहेर निघाले. आजी जागची हलली नाही.

"आजी, तीन तास लागतीन."

"लागू दे. मी कुठी जाऊन राह्यली?" असं म्हणून ती अर्धवट उठली, खुर्ची दोन्ही हातांनी धरली आणि हातभर उजवीकडं सरकवून पुन्हा बसली.