आमचा अवटू

“सर, केसांसाठी काही घेता का?”

शनिवारी सकाळी सव्वासातला, ठाण्याच्या पाचपाखाडीतल्या एका लॅबच्या काउंटरवरून हा प्रश्न आला. मुलीचा आवाज खणखणीत. बाकांवर बसलेली चौदा माणसं वळली आणि थेट माझ्या डोक्याकडे बघायला लागली. तिथे बघण्यासारखं फारसं काही नाही. मग ती माझ्याकडे बघायला लागली.

“घेत होतो,” मी म्हणालो. “चार दिवस झाले, बंद केलंय.”

“बायोटिन ना?” तिने लिहून घेतलं आणि तेही मोठ्याने वाचून दाखवलं.

मला गेली सहा वर्षं थायरॉईड आहे. म्हणजे ग्रंथी सगळ्यांनाच असते, माझी काम करत नाही. मराठीत तिला अवटू म्हणतात. मला हे नाव फार आवडतं. कोकणातल्या घरी माजघरात दिवसभर लोळणाऱ्या, कुणी हाक मारली की कूस बदलणाऱ्या भाच्याचं असावं असं नाव. मेंदूखालची पिट्युटरी ग्रंथी टीएसएच नावाच्या आरोळ्या मारते. अवटू जितका आळशी, तितका तिचा आवाज चढतो. रिपोर्टमध्ये आकडा वाढला म्हणजे काम वाढलं असं नाही, ओरडा वाढला. हे मी ऑफिसात बऱ्याच जणांना समजावलं. “म्हणजे तू जाडा होतोयस ते खाऊन नाही?” एवढंच त्यांनी लक्षात ठेवलं.

गेल्या पंधरवड्यात माझा टीएसएच ०.०४ आला, म्हणजे फारच कमी. डॉक्टरांनी चष्मा वर केला. या आकड्याच्या माणसाचे हात थरथरायला हवेत, छाती धडधडायला हवी, वजन घटायला हवं. मी त्यांच्या समोर जांभई देत होतो.

“आणखी काही गोळ्या?”

मी ब१२ सांगितलं, रविवारची ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी सांगितली, कॅल्शियम सांगितलं. केसांची गोळी सांगितली नाही. ती मी घरीसुद्धा बुटांच्या कपाटात ठेवतो. डॉक्टर थायरॉईडच्या गोळीचा डोस कमी करायला निघाले तेव्हा मात्र तोंड उघडावंच लागलं.

आता हा बायोटिनचा घोळ ऐका. माणसाला दिवसाला साधारण ३० मायक्रोग्रॅम पुरतं. माझ्या गोळीत १० मिलिग्रॅम, म्हणजे तीनशेपटीहून जास्त. बऱ्याच लॅबमधली यंत्रं हार्मोन मोजायला बायोटिनचाच चिकटा वापरतात. रक्तातच त्याची गर्दी झाली की हिशोब फसतो. टीएसएच खोटाच खाली, अवटूचा स्वतःचा हार्मोन टी४ खोटाच वर. म्हणजे गोळीने एक केस उगवला नाही, पण रिपोर्ट मात्र तरुण माणसाचा दिला. गोळी बंद करून पुन्हा तपासा, असं ठरलं. पैसे पुन्हा माझेच. पहिल्या वेळी लॅबमध्ये कुणी विचारलं असतं तर? नाही विचारलं. दुसऱ्या वेळी चौदा जणांसमोर विचारलं.

बाकावर शेजारी एक काकू होत्या. सोबत काका, मांडीवर डबा.

“मिसेसचं आणायला आलात का?”

“नाही, माझंच आहे.”

“तुमचं? थायरॉईड?” त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “पुरुषांना असतो?”

“असतो. कमी जणांना होतो.”

“मला बावीस वर्षं झाली,” त्या म्हणाल्या. आपल्या खोलीत भाडेकरू घुसावा तसा सूर होता. मग काकांकडे वळल्या. काकांना ऐकू कमी येतं, हे मला आणि बहुधा समोरच्या रिक्षा स्टँडलाही तेव्हाच कळलं. “अहो, यांना थायरॉईड आहे!”

“कुणाला?”

“यांना! शेजारी बसलेत त्यांना!”

“यांच्या मिसेसना?”

“मिसेसना नाही हो! यांना स्वतःला!”

काकांनी माझ्याकडे पाहून सहानुभूतीने मान हलवली. “बायकांना फार त्रास होतो त्याचा,” ते म्हणाले.

“गोळी किती वाजता घेता?” काकूंची चौकशी पुढे सरकली.

“पावणेसहा. मग एक तास चहा नाही.”

“मी चहाबरोबरच घेते.”

“चहाने ती नीट शोषली जात नाही, काकू.”

“बावीस वर्षं!” त्यांनी बजावलं. “आणि कॅल्शियम?”

“ते चार तासांनी.”

“मी सगळ्या एकदम घेते. पोटात गेल्यावर त्यांचं त्या बघतात.”

माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात काकांचं उपाशीपोटीचं रक्त काढून झालं आणि डबा उघडला. थालीपीठ. वर लोण्याचा गोळा. मीही आत जाऊन रक्त देऊन आलो, तपासणीसाठी राखून ठेवलेली गोळी पाण्याबरोबर घेतली, म्हणजे आता आणखी एक तास उपवास. काकूंनी अर्धं थालीपीठ पुढे केलं.

“गोळी घेतली हो आत्ताच.”

“अहो, एवढ्याशा गोळीला काय घाबरता!”

हीच खरी चीड आहे. गोळी खरंच एवढीशी, मोहरीच्या थोरल्या बहिणीएवढी. पण सहा वर्षं माझी प्रत्येक सकाळ तिच्या भोवती फिरते. बाहेरगावी पाहुणचाराचा पहिला चहा नाकारायचा, मग त्यांच्या चेहऱ्याकडे बघायचं. दुपारी तीनला डोळ्यांवर झापड आली की साहेबांचं ‘रात्री जागता का?’ ऐकायचं. हा थकवा सुजलेला दिसत नाही, प्लॅस्टरमध्ये घालता येत नाही, म्हणून तो आळसच ठरतो. ताप आला असता तर रजा तरी मिळाली असती. १९१४ साली ऐन नाताळच्या दिवशी एडवर्ड केंडल या अमेरिकी रसायनशास्त्रज्ञाने थायरॉक्सिन, म्हणजे हाच टी४, वेगळं काढलं म्हणतात. सणाच्या दिवशी प्रयोगशाळेत उभा राहणाऱ्या माणसाचा अवटू ठणठणीत असणार, नक्की.

संध्याकाळी रिपोर्ट आला. ७.९. खरा आकडा, आपला, ओळखीचा. डॉक्टरांनी ७५ ची गोळी ८८ ची केली. सहा ते आठ आठवड्यांनी पुन्हा रक्त. बायोटिन बंद. बुटांच्या कपाटात आता फक्त बूट.

काल बायकोबरोबर तलावपाळीला फेरी मारत होतो. समोरून तेच काका आले. मी लगबगीने पाण्याकडे बघू लागलो, पण त्यांची नजर उत्तम आहे. त्यांनी थांबून बायकोला नमस्कार केला.

“काय वहिनी, थायरॉईड कसा आहे आता?”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मी काकांकडे बघितलं.

“बरा आहे,” मी ओरडलो. “तिचा आता बराच बरा आहे!”