रूट कॅनलविरोधी संदेशातील दाव्यांना उत्तर

‘रूट कॅनल करू नका’ असे सांगणारा एक संदेश मोबाईलवरून सतत पुढे पाठवला जातो. रूट कॅनल म्हणजे दाताच्या आतली रोगट नस काढून ती पोकळी साफ करून बंद करण्याचा उपचार. हा उपचार असह्य वेदनेचा असतो, अँटिबायोटिकच्या गोळ्यांनी तेच काम होते, मेलेल्या दातातील जंतूंमुळे कर्करोग होतो आणि असा दात शेवटी तुटतोच, म्हणून तो आधीच उपटावा, असे त्याचे म्हणणे आहे. दाढ ठणकत असलेली माणसे हे वाचून उपचार लांबवतात, याची मला काळजी वाटते.

पहिला दावा वेदनेचा. झोप उडवणारा ठणका उपचाराचा नसून आजाराचा असतो. कीड दाताच्या गाभ्यातील नसेपर्यंत पोहोचली की तिथे दाह सुरू होतो आणि कठीण भिंतींमुळे सुजेला पसरायला जागा नसल्याने आतला दाब वाढत जातो. रूट कॅनलमध्ये भूल देऊन हाच रोगट भाग काढला जातो. खालच्या दाढेचा दाह तीव्र असेल तर कधीकधी एका इंजेक्शनने पुरेसा बधिरपणा येत नाही, हे खरे आहे. तेव्हा सोसत न बसता हात वर करून थांबवावे, कारण आणखी भूल देता येते. उपचारानंतर मुळाभोवतालचा भाग हुळहुळा असल्याने काही दिवस चावताना दुखते, पण प्रकृतीला चालणारी साधी वेदनाशामक गोळी बहुतेकांना पुरते. दुखणे उतरण्याऐवजी वाढत गेले, सूज चढली किंवा ताप आला, तर लगेच दंतवैद्याला गाठावे. गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होऊ लागल्यास थेट रुग्णालयात जावे.

गोळ्यांचे उत्तर सोपे आहे. औषध रक्तावाटे पोहोचते आणि नस मेलेल्या दाताच्या आत रक्तप्रवाहच उरलेला नसतो. संसर्ग पसरत असेल तेव्हा अँटिबायोटिक उपचाराच्या जोडीला लागते, त्याच्या जागी नव्हे.

कर्करोगाच्या भीतीला जुना इतिहास आहे. १९२०च्या दशकात वेस्टन प्राइस या अमेरिकी दंतवैद्याने रुग्णांचे रूट कॅनल झालेले आणि नंतर काढलेले दात सशांच्या कातडीखाली बसवले आणि ससे आजारी पडल्यावर दोष अशा दातांना दिला. त्या प्रयोगांत तुलनेची आणि निर्जंतुकतेची काळजी पुरेशी नव्हती, आणि पुढच्या संशोधकांना ते निष्कर्ष मिळाले नाहीत. रूट कॅनलमुळे कर्करोग होतो याचा पुरावा नाही. आतला प्रत्येक जंतू नष्ट होतो असा दावा कोणताही प्रामाणिक दंतवैद्य करणार नाही. पण मुळांतील नलिका घासून, सोडियम हायपोक्लोराइट या जंतुनाशकाने धुऊन आणि गट्टापर्चा या रबरासारख्या पदार्थाने बंद करून जंतूंची संख्या इतकी घटवली जाते की भोवतालचे हाड सहसा भरून येते.

दात तुटतो या दाव्यात मात्र अर्धे सत्य आहे आणि ते नीट समजून घ्यायला हवे. किडीने आणि उपचारासाठी पाडलेल्या छिद्राने दाताचा बराच भाग गेलेला असतो, त्यामुळे दाढेवर बहुधा कॅप, म्हणजे दात झाकणारे टोपण, लागते. अमेरिकेतील १४ लाखांहून अधिक दातांच्या, २००४ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत उपचारानंतर आठ वर्षांनी ९७ टक्के दात तोंडात शाबूत होते, आणि जे काढावे लागले त्यांपैकी सुमारे ८५ टक्के दातांवर पूर्ण कॅप नव्हती. पहिल्या भेटीत ठणका थांबला की अनेक जण परत जातच नाहीत. छिद्र बुजवायला भरलेले तात्पुरते सिमेंट झिजते, लाळेबरोबर जंतू पुन्हा आत शिरतात आणि मग दोष रूट कॅनलला दिला जातो. माझ्या मते संदेश लिहिणाऱ्याने इशारा द्यायचाच होता तर तो इथे द्यायला हवा होता.

दात उपटणे हाही काही फुकटचा पर्याय नाही, कारण त्या जागेचे हाड हळूहळू झिजते आणि शेजारचे दात रिकाम्या जागेकडे कलू शकतात. मूळ उभे चिरले असेल किंवा कॅप बसवण्याइतका दात उरलाच नसेल, तर तो काढणेच योग्य ठरते. पण तो निर्णय एक्स-रे आणि तपासणीनंतर त्या दातापुरता घ्यायचा असतो.