वर बोललोय, होऊन जाईल

मॅनेजर सपोर्ट करत नाही, तर राजीनामा द्यावा की देऊ नये, हे विचारायला तुम्ही माझ्याकडे आलात हे फार बरं केलंत. मी साडेतीन वर्षांपासून राजीनामा देतोय. ऑफिस ऐरोलीला, घर घोडबंदर रोडला आणि राजीनामा मेलच्या ड्राफ्टमध्ये, अशी सगळी घडी नीट बसलेली आहे.

आधी तुमचा मॅनेजर खरोखरच सपोर्ट न करणाऱ्यांपैकी आहे ना, याची खात्री करून घ्या. तो ओरडणारा, चारचौघांत पाणउतारा करणारा असेल तर तुमचं काम सोपं आहे. अशा माणसाचा राग येतो, आणि राग आला की एखाद्या सोमवारी माणूस राजीनामा देऊन मोकळा होतो. मी सांगतोय तो मॅनेजर गोड असतो. 'सर' म्हटलं तर संकोचतो, नावाने हाक मारायला लावतो. कुणाचाही वाढदिवस असो, ग्रुपवर केकचं चित्र पहिलं त्याचंच येतं. अडचण घेऊन गेलात की खुर्ची तुमच्याकडे वळवून, मान तिरकी करून, सगळं शेवटपर्यंत ऐकतो आणि म्हणतो, "तू टेन्शन नको घेऊस. मी वर बोललोय, होऊन जाईल."

हे 'वर' कुठे आहे ते मी शोधलंय. आमचं ऑफिस सातव्या मजल्यावर. आठव्यावर दुसरीच कंपनी आहे. नवव्यावर कॅन्टीन. एकदा जेवणानंतर जिन्याने आणखी वर गेलो, तर गच्चीच्या दाराला कुलूप. जाळीतून एसीची धुडं घुरघुरताना दिसली आणि त्यांच्यावर बसलेली कबुतरं. म्हणजे टीमला हवा असलेला जादा माणूस, माझं अडकलेलं प्रमोशन आणि माझा लॅपटॉप, हे तिन्ही विषय सध्या कबुतरांकडे प्रलंबित आहेत.

लॅपटॉपचं थोडं सविस्तर सांगतो, तुम्हालाही उपयोगी पडेल. डावी बिजागरी तुटलीय. स्क्रीन मागे पडते म्हणून तिला स्टीलची पाण्याची बाटली टेकवून ठेवावी लागते. बाटली भरलेली हवी. रिकामी व्हायला लागली की स्क्रीन तिला ढकलत ढकलत आडवी होते. त्यामुळे मी ऑफिसात पाणी पीत नाही. याला दोन वर्षं होतील. नव्या लॅपटॉपबद्दल तो चार वेळा वर बोललाय.

अशा वेळी काही लोकांना एक घाणेरडी सवय असते. बोलणं झालं की जागेवर येऊन दोन ओळींचा मेल टाकायचा: 'आत्ता आपलं असं असं ठरलं, अमुक तारखेपर्यंत होईल असं तू म्हणालास.' हे चुकूनही करू नका. लिहिलेलं राहतं, त्यावर तारीख पडते, उद्या कुणी विचारलं तर दाखवता येतं. संबंध बिघडायला आणखी काय लागतं? आमच्या टीममधली एक मुलगी हे करायची. तिचं पुढे काय झालं ते सांगेनच.

आता व्याकरण. मराठीत 'आपण' आणि 'आम्ही' वेगळे आहेत, ही आपल्या भाषेची फार मोठी सोय आहे. 'आपण जेवायला जाऊ' म्हटलं की समोरच्याने उठायचं, 'आम्ही जेवायला जातोय' म्हटलं की बसून राहायचं. इंग्रजीत दोन्हीला एकच 'वी'. आमच्या मीटिंगा इंग्रजीत होतात, तेव्हा प्रत्येक 'वी' तुम्हाला मनातल्या मनात उलगडून घ्यावा लागतो. 'शनिवारी वी हे संपवू' यातला वी म्हणजे 'आपण' असं वाटतं, पण शुक्रवारी संध्याकाळी तो 'तू' निघतो. क्लायंटने कौतुक केलं की 'वी खूप मेहनत घेतली', तो 'आम्ही', त्यात तुम्ही नसता. आणि काही फसलं की 'वी' गायब होतो आणि थेट तुमचं नाव येतं, उच्चार अगदी स्पष्ट. तीन आठवड्यांचं काम दीड आठवड्यात बसवायचं आमच्या मॅनेजरने स्वतः कबूल केलं होतं. क्लायंटने उशिराचं कारण विचारलं तेव्हा त्याचा माइक म्यूट होता. मी त्याच्या समोरच बसलो होतो. त्याने मला अंगठा दाखवला, म्हणजे बोल तू. आठ मिनिटं मी बोललो. मग त्याने म्यूट काढून सांगितलं, "मी टीमशी बोलतो." लिफ्टमध्ये शिरला की मात्र तो मराठीत येतो. पाठीवर थाप मारून म्हणाला, "मस्त सांभाळलंस रे."

सुट्टी मागताना घाबरू नका, तो नाही म्हणत नाही. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं, मी एक दिवस मागितला. "अरे, विचारायचं काय त्यात? आई आधी," तो म्हणाला. डोळे भरून आले माझे. दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला, "फक्त त्या दिवशी रिलीज आहे, तेवढं बघ." तेवढं बघितलं. नौपाड्यातल्या त्या दवाखान्याच्या कॉरिडॉरमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, शेजारच्या खुर्चीवर लॅपटॉप, त्याच्यामागे बाटली. आईला बाहेर आणलं तेव्हा माझा कॉल चालू होता. काळा चष्मा लावून ती शेजारी बसून राहिली. नर्स डोळ्यात घालायच्या थेंबांचं मला सांगायला आली ती आईलाच सांगून गेली. अर्ध्या तासाने आईने हळूच विचारलं, "झालं का रे तुझं?"

अप्रेझलबद्दल फार बोलत नाही. तुम्हाला त्याने चांगलंच रेटिंग दिलेलं असतं, ते पुढे बेल कर्व्हमध्ये, म्हणजे वरचं रेटिंग मोजक्यांनाच द्यायच्या हिशोबात, खाली येतं. त्या वक्ररेषेचा आकार घंटेसारखा असतो, हाती काय लागणार ते नावातच सांगून ठेवलंय.

तरी काही हट्टी वाचक म्हणतील, मग सोडावी का? सोडण्याआधी घरच्यांशी बोला. मी बोललो. माझ्या वडिलांनी वागळे इस्टेटमध्ये २६ वर्षं काढली. १९६२ साली एमआयडीसीची सुरुवात झाली ती याच वसाहतीपासून, हे ते पाहुण्यांना आजही असं सांगतात की जणू कुदळ त्यांनीच मारली. त्यांची कंपनी बंद पडली, शेड पडली, तिथे काचेची इमारत झाली आणि आता त्यात माझ्यासारखीच पोरं लॅपटॉप घेऊन जातात. मी म्हटलं, बाबा, नोकरी सोडावी म्हणतोय. त्यांनी पेपर खाली घेतला. खरंच गोंधळले होते. म्हणाले, "नोकरी आपण सोडायची नसते. कंपनी बंद पडते, मग आपण घरी येतो."

बायकोने कॅल्क्युलेटर उघडला. तोही सल्लाच आहे, आणि तो डावलू नका. १९७२ साली ग्रॅच्युइटीचा, म्हणजे नोकरी सोडताना मिळणाऱ्या रकमेचा, कायदा झाला, तेव्हापासून कायम नोकरीतल्या माणसाला पाच वर्षांची अट आहे. माझी चार वर्षं सात महिने झालीत. हिशोब असा: शेवटचा मूळ पगार, गुणिले १५, भागिले २६, गुणिले वर्षं. मूळ पगार ४०,००० धरला तर पाच वर्षांचे १,१५,३८४ रुपये होतात. २६ का, तर महिन्यातले चार रविवार सुटीचे धरलेत. (ज्या कुणी ते धरले, त्याच्या फोनवर रविवारी दुपारी साडेतीनला 'एक छोटंसं काम होतं' असा मेसेज आला नसावा.) आमच्या फ्लॅटचा हप्ता ४७,००० आहे. म्हणजे पाच वर्षांच्या निष्ठेचे अडीच हप्तेही होत नाहीत. पण बायको म्हणाली, पाच महिन्यांसाठी कशाला सोडायचे? बरोबरच आहे. पाच महिने झाले की बोनस येईल, त्याच्यासाठी कशाला सोडायचा? मग अप्रेझल येईल. या साखळीत कुठेही फट नाही, मी तपासलीय.

शिवाय समाजसेवा आहे. आपल्या पगारातून दरमहा २०० रुपये व्यवसाय कर कापला जातो, फेब्रुवारीत ३००. वर्षाचे २,५००. महाराष्ट्रात हा कर १९७५ साली आला तो रोजगार हमी योजनेला पैसा उभा राहावा म्हणून. म्हणजे आपल्याला नसली तरी कुणाला तरी हमी मिळावी याची सोय आपल्या खिशातून होतेय. एवढं पुण्य सोडून कुठे जाता?

आता ड्राफ्ट. तो लिहून ठेवा, पण पाठवू नका. माझा ठाण्याच्या नऊ-दहा नंबर प्लॅटफॉर्मवर, गाडीची वाट बघताना लिहिलेला आहे. सुरुवातीला चार परिच्छेदांचा होता, त्यात माझ्यावर झालेले सगळे अन्याय तारीखवार होते. दर अप्रेझलनंतर एकेक परिच्छेद गळत गेला. आता दोन ओळी उरल्यात, आणि त्यातल्या एकीत आभार आहेत. आमच्या मार्गावर दिघा गाव स्टेशन आहे ना, ते बांधून तयार असूनही कित्येक महिने बंद होतं. गाडी समोरून जायची, रिकामा प्लॅटफॉर्म दिसायचा. मला त्या स्टेशनबद्दल फार आपुलकी वाटायची. १२ जानेवारी २०२४ ला त्याचं उद्घाटन झालं आणि मी एकटा पडलो.

अगदी एकटा तरी कसा म्हणू? गेटबाहेरच्या टपरीवर साडेचारला आमचं राजीनामा मंडळ भरतं. सहा जण, सहा कटिंग. 'आता बस झालं' हा ठराव रोज एकमताने मंजूर होतो. कोण कुठे मुलाखत देतंय, कुणाच्या नव्या कंपनीला माणूस तीस दिवसांत हवाय आणि आपला नोटीस पिरियड ९० दिवसांचा कसा, यावर चर्चा होते. पैसे कोण देणार यावरही. पाचला सगळे परत जागेवर.

त्यातली ती मेल टाकणारी मुलगी. तिने नियम मोडला. आधी दुसरीकडचं ऑफर लेटर हातात घेतलं, पीएफ ट्रान्सफर होईल याची चौकशी केली, घरी न विचारता फक्त सांगितलं आणि राजीनामा पाठवला. आमच्या मॅनेजरने तिला पहिल्यांदा कॉफीला नेलं. "आधी बोलली असतीस तर मी काहीतरी केलं असतं," तो म्हणाला. तिने त्याच दुपारी दोन वर्षांतले स्वतःचे अकरा मेल एकापाठोपाठ एक त्याला फॉरवर्ड केले. पगार वाढवून देतो म्हणाले, नवा लॅपटॉप तर दुसऱ्या दिवशी टेबलावर. तो तिने खोक्यातून काढलाही नाही. ९० दिवस पुरे केले, शेवटच्या दिवशी खोकं तसंच परत दिलं. ते खोकं मला मिळावं म्हणून मॅनेजर वर बोललाय. एवढ्या उद्धट मुलीचं पुढे काय होणार याची मंडळाला आजही काळजी आहे. ती फोटो टाकते त्यात बरी दिसते.

आमच्या खिडकीतून ठाण्याची खाडी दिसते. थंडीत फ्लेमिंगो येतात, चिखलात मान खाली घालून सकाळपासून कामाला लागतात. आमच्यासारखेच. पण पावसाळा जवळ आला की एक दिवस बघावं तर खाडी रिकामी. नोटीस नाही, हॅन्डओव्हर नाही. पक्ष्याची जात, दुसरं काय.

तेव्हा तुम्ही थांबा. थांबणाऱ्याला काय मिळतं ते मला गेल्या महिन्यात मिळालं. मॅनेजरने राजीनामा दिला.

कारण काय, तर वरून सपोर्ट मिळत नाही. हे त्याने आम्हाला खुर्ची वळवून, मान तिरकी करून सांगितलं आणि आम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलं. त्याला ९० दिवसांच्या जागी ३० दिवसांत सोडलं. वर बोलला असणार.

निरोपाला माणशी ३०० रुपये काढले, फेब्रुवारीच्या भावाने. केक कापला. त्याने भाषणात 'वी' इतक्या वेळा म्हटलं की मी उलगडायचं सोडून दिलं. संध्याकाळी लिफ्टमध्ये आम्ही दोघेच होतो. त्याच्या हातात आम्हीच दिलेली भिंतीवरच्या घड्याळाची पेटी. दार लागलं तसा तो मराठीत आला, मोठा श्वास सोडला आणि म्हणाला, "सुटलो रे आपण!"

सातव्यापासून तळापर्यंत मी विचार करत होतो, हा नेमका कुठला 'आपण'. मुंबईकडचा माणूस नुसत्या स्वतःलाही आपण म्हणतो. दार उघडलं. तो घड्याळ सांभाळत उतरला, गेटकडे वळला. मला मात्र परत वर जायचं होतं. बाटली लॅपटॉपमागेच राहिली होती.