फोर्ट स्टिकीनवर न लागलेला बावटा

दर एप्रिलमध्ये मुंबईच्या गोदीतल्या स्फोटाच्या पोस्टी फिरायला लागतात आणि त्यात हमखास सोन्याच्या विटा असतात. विटा उडाल्या, कुणाच्या घरात जाऊन पडल्या, पुढे कित्येक वर्षं गाळ उपसताना सापडत राहिल्या. खरं आहे ते. पण 14 एप्रिल 1944 ला फोर्ट स्टिकीन या दारूगोळा भरलेल्या जहाजाचा स्फोट झाला, त्या गोष्टीत मला सोन्यापेक्षा बंदराचे नियम जास्त महत्त्वाचे वाटतात. त्यावर फारसं कुणी बोलत नाही, म्हणून आज जरा लांबण लावतो.

इंग्रजांच्या काळात बंदराला काय शिस्त होती, असं आपल्याकडे कौतुकाने बोललं जातं. शिस्त होती, नाही कशाला म्हणू? 1873 मध्ये बंदराचा कारभार बघणारा पोर्ट ट्रस्ट आला, 1880 मध्ये प्रिन्सेस डॉक, 1888 मध्ये व्हिक्टोरिया डॉक. या दोन्ही गोद्यांचे दरवाजे भरतीच्या आसपासच उघडायचे, कारण ओहोटीला पाणी कित्येक फूट खाली जातं. त्या थोड्या वेळात कोण आत येणार, कोण बाहेर जाणार आणि कोण नांगर टाकून ताटकळणार, हे ठरवायला नियम लागणारच. त्यात पडाव (माल वाहणाऱ्या होड्या), मचवे, फत्तेमाऱ्या आणि कोळ्यांच्या होड्या त्याच पाण्यात.

1908 चा भारतीय बंदर कायदा वाचून बघा, मजा येते. 200 टन किंवा त्याहून मोठं जहाज पायलट (बंदरात जहाजाला वाट दाखवणारा) किंवा हार्बर मास्तरचा माणूस चढल्याशिवाय हलवायचं नाही. सूर्यास्तानंतर दोरखंड दुसऱ्या जहाजांच्या वाटेत आडवा सोडायचा नाही. मनाई केलेल्या जागी डांबर-राळ उकळायची नाही. उघड्या दिव्याच्या उजेडात पिंपातून मद्य काढायचं नाही. बंदरात विनाकारण बंदूक उडवायची नाही. प्रत्येक गोष्टीला दंड. आगीला किती घाबरायचे बघा! आणि घाबरायलाच हवं होतं, लाकडी होड्या आणि कापसाच्या गासड्या एकमेकांना खेटून असायच्या.

आता याच बंदरात फोर्ट स्टिकीन कसं आलं ते पाहा. इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघालेल्या या जहाजात सुमारे 1,400 टन स्फोटकं होती. कराचीत काही माल उतरला आणि मोकळ्या झालेल्या जागेत कापसाच्या साधारण 8,700 गासड्या आणि वंगण तेलाची पिंपं भरली. स्फोटकं, कापूस आणि तेल एकाच जहाजात! कप्तानाने कुरकुर केली, पण युद्ध चालू आहे, जागा वाया घालवता येत नाही, हे उत्तर तयार होतं.

शांततेच्या काळातला नियम साधा होता. स्फोटकांचं जहाज धक्क्याला लावायचं नाही. बाहेर भर पाण्यात उभं करायचं आणि माल पडावांतून उतरवायचा. युद्धात हा नियम बाजूला ठेवला, कारण त्यात वेळ जातो आणि जहाजांची रांग तुंबते. वाहतूक सांभाळणाऱ्याच्या दृष्टीने कारण रास्त होतं, हे मी मान्य करतो. पण त्या नियमाने दोन कामं व्हायची. एक, जहाज वस्तीपासून लांब राहायचं. दोन, लांब उभं असल्यामुळे ते धोक्याचं आहे हे न सांगता कळायचं. नियम काढलात तर या दोन कामांचं काय करणार, याचा विचार कुणी केला? स्फोटकं असल्याचा लाल बावटासुद्धा जहाजावर नव्हता.

12 एप्रिलला जहाज व्हिक्टोरिया डॉकमध्ये 1 नंबरच्या धक्क्याला लागलं. दोन दिवसांनी, दुपारी दोनच्या सुमारास धूर दिसला. मग जहाज ओढून बाहेर न्यावं, जागेवरच बुडवावं की पाणी मारत राहावं, यावर साहेबलोकांचं एकमत होईना. बंबवाले पाणी मारत राहिले. शेजारच्या जहाजांवर आणि गुदामांत माणसं आपापल्या कामात, कित्येक जण तर नुसती आग बघत उभे. लाल बावटा नव्हता, मग पळायचं कशाला? 4 वाजून 6 मिनिटांनी पहिला स्फोट, अर्ध्या तासाने दुसरा. 66 अग्निशामक जवान गेले, एकूण सातशेहून जास्त माणसं मेली असं सरकारी आकडे सांगतात. खरा आकडा याहून बराच मोठा असावा असं मानणारे पुष्कळ आहेत. हंगामी मजूर, खलाशी, पडाववाले यांची कुठली नोंद?

बावटा नसण्यामागे शत्रूला कळू नये हे कारण असेल, असं कुणी म्हणेल. पण जपानच्या ताब्यातल्या सायगाव रेडिओने दुसऱ्याच दिवशी बातमी दिली. इथल्या वर्तमानपत्रांना ती सविस्तर छापायला मे उजाडला. माहिती अडली ती घाटावरून आणि कोकणातून आलेल्या गोदी कामगारांपर्यंत पोचण्याआधी.

माझं म्हणणं एवढंच आहे की त्या शिस्तीत कडकपणा खालच्यांसाठी होता आणि सवलत वरच्यांसाठी. डांबर उकळणाऱ्या तांडेलाला दंड, आणि शेकडो टन दारूगोळा वस्तीला चिकटवणाऱ्याला युद्धाचं निमित्त. चौकशी आयोग बसला, घातपात नाही, अपघात आहे असं निघालं. आग लागणं अपघात असेल हो. ते जहाज तिथे असणं हा निर्णय होता, आणि निर्णयाला सही करणारं माणूस असतं.

हे सगळं जुनं म्हणून सोडून देता आलं असतं. पण 18 डिसेंबर 2024 ला गेटवेहून घारापुरीला निघालेल्या नीलकमल लाँचला नौदलाची स्पीडबोट धडकली, 15 जण गेले. बोटीच्या इंजिनाची चाचणी चालू होती. लाँचमध्ये क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती, हेही खरं. त्यानंतर लगेच प्रवाशांना लाईफ जॅकेट सक्तीचं झालं. चांगलंच झालं, घालावं. पण प्रवासी लाँचांच्या रोजच्या वाटेवर वेगाची चाचणी घ्यायला परवानगी कुणी आणि कशी दिली, यावर तेवढीच चर्चा तुम्ही ऐकलीत का? मी तरी नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या घरात चव्वेचाळीस साली गोदीत कामाला असलेलं कुणी होतं का? जहाजात काय आहे हे त्यांना कुणी, कधी सांगितलं होतं का, घरात काही ऐकलं असेल तर लिहा.