फिल्म तापवणं म्हणजे वाळवणं नव्हे

प्रयोगशाळेत नव्यानं आलेल्या मुलांच्या गटांतून एक संदेश सारखा फिरतो: ‘कंडक्टिंग पॉलिमरची (वीज वाहणाऱ्या प्लास्टिकची) फिल्म तापवायची ती द्रावक उडवायला. तापवलं की स्फटिक वाढतात, स्फटिक वाढले की वहन वाढतं. म्हणून जितकं जास्त तापवाल तितकं बरं.’ हे वाचून मुलं चांगल्या फिल्म जाळून बसतात, म्हणून लिहितो आहे.

आधी द्रावकाचं. क्लोरोफॉर्म ६१ अंश सेल्सिअसलाच उकळतो. शंभरेक नॅनोमीटरच्या फिल्ममधून तो स्पिन कोटिंग (गरगर फिरवून द्रावणाचा पातळ थर पसरवणं) होता होताच बहुतेक निघून जातो. तरीही पी३एचटी हा कंडक्टिंग पॉलिमर आणि पीसीबीएम हे कार्बनच्या गोळ्यांसारख्या रेणूंचं संयुग, या मिश्रणाची वाळलेली फिल्म हॉट प्लेटवर ठेवली की तिचा नारिंगी रंग जांभळट होतो. पीसीबीएममुळे विस्कटलेल्या पी३एचटीच्या रेणूंच्या लांब साखळ्या सरळ होऊन ०.३८ नॅनोमीटर अंतरानं एकमेकींवर रचल्या जातात, त्याची ही खूण. पेडॉट-पीएसएस या दुसऱ्या कंडक्टिंग पॉलिमरच्या बाबतीत मात्र संदेशात तथ्य आहे: त्यातलं पीएसएस पाणी धरून ठेवतं आणि १२०-१५० अंशांना ते घालवावंच लागतं.

खरी चूक ‘स्फटिक वाढले की वहन वाढतं’ या पुढच्या दाव्यात आहे. १९९९ मध्ये केंब्रिजच्या गटानं दाखवलं, की साखळ्या एकमेकींवर चढण्याची दिशा फिल्मच्या पातळीत आहे की तिला काटकोनात, एवढ्यावरून पी३एचटीची मोबिलिटी (विद्युतभार किती सहज सरकतो त्याचं माप) शंभराहून अधिक पट बदलते. २००३ मध्ये तर उलटंच दिसलं. आखूड साखळ्यांच्या फिल्ममध्ये स्फटिक जास्त नीटनेटके, आणि मोबिलिटी मात्र हजारो पट कमी! लांब साखळी एका स्फटिकातून निघून मधला विस्कळीत भाग ओलांडते आणि दुसऱ्या स्फटिकात शिरते. आखूड साखळी आपल्या स्फटिकातच संपते. प्रत्येक वाडीतला रस्ता गुळगुळीत असला, तरी मधल्या ओढ्यावर पूल नसेल तर एसटी पुढे जाणार कशी?

राहिलं ‘जितकं जास्त तितकं बरं’. २००५ मध्ये अमेरिकेत सांता बार्बराला ॲलन हीगर या शास्त्रज्ञाच्या गटानं पी३एचटी-पीसीबीएमचा सुमारे ५ टक्के कार्यक्षमतेचा सौर सेल केला, तो १५० अंशांवर ३० मिनिटं तापवून. फार वेळ तापवत राहिलं तर पीसीबीएमचे स्फटिक मायक्रोमीटरभर वाढतात, आणि प्रकाशानं तयार झालेला एक्सायटॉन (इलेक्ट्रॉन आणि होल यांची बांधलेली जोडी) जेमतेम दहाएक नॅनोमीटर सरकू शकतो; पी३एचटी आणि पीसीबीएमच्या सीमेवर पोचून भार सुटे होण्याआधीच तो विझतो. सुमारे २३० अंशांना पी३एचटी वितळतोच. एफ४टीसीएनक्यू हा डोपंट (विद्युतभार वाढवायला घातलेला पदार्थ) मिसळलेल्या फिल्ममधून तर तापवल्यावर डोपंटच निसटू लागतो. मग साखळ्या कितीही नीट रचलेल्या असोत, वाहून न्यायला विद्युतभारच कमी उरतात.