पॅनल वर चढवलेत, पण माणूस तिथवर जाणार कसा?

परवा सकाळी गच्चीवर जे बघितलं ते डोळ्यासमोरून जात नाहीये, म्हणून लिहायला बसलोय. आमचे सोलर पॅनल धुवायला एक मुलगा येतो, विशीतला असेल. आमचं स्ट्रक्चर 8 फूट उंच आहे, खालची जागा वापरता यावी म्हणून आम्हीच हौसेने तसं करून घेतलेलं. तो पाइपला पाय लावत भराभर वर गेला, दोन पॅनलच्या फटीत टाच रोवली आणि दुसरा पाय सरळ काचेवर. काच साबणाच्या पाण्याने ओली. पाय सर्रकन घसरला, हाताला कडेचा पाइप लागला म्हणून एवढ्यावर निभावलं, कारण कठड्यापलीकडे थेट तीन मजले खाली जमीन. मी ओरडलोच, तर तो म्हणतो, "काका, रोजचंच आहे."

रोजचंच आहे, हेच तर चुकतंय ना! आणि चूक त्याची नाही, आमची आहे. बसवताना पॅनल किती वॅटचे, इन्व्हर्टर (पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारं यंत्र) कुठला, वॉरंटी किती सगळं खोदून खोदून विचारलं, पण पुढची 25 वर्षं हे पुसायला, बोल्ट आवळायला, वायरी बघायला माणूस वर जाणार कुठून, हे ना आम्ही विचारलं ना बसवणाऱ्यांनी सांगितलं. दोन रांगांमध्ये दोनेक फुटांची चालायची जाळी, पक्की शिडी, बाहेरच्या बाजूला रेलिंग, हार्नेस, म्हणजे अंगाला बांधायचा सुरक्षा पट्टा, अडकवायला मजबूत कडी, हे सगळं पहिल्या ड्रॉइंगमध्येच हवं. गच्ची पॅनलने काठोकाठ भरून टाकली की दोन पॅनल जास्त बसतात खरे, पण मग पाय ठेवायला उरते ती फक्त काच. आणि काचेवर पाय पडला की वरून काही दिसत नाही, पण आतल्या वीज बनवणाऱ्या सेलना बारीक तडे जातात, पुढे तीच जागा तापत राहते आणि वीज कमी होते.

शिडी लावायची तर दर 4 फूट उंचीला पाया भिंतीपासून 1 फूट बाहेर, वरचं टोक कडेच्या निदान 3 फूट वर आणि तिथे बांधलेलं. शिडीवरून गच्चीवर पाऊल टाकताना धरायला काही नसलं की तोल जातो. बादली हातात घेऊन चढू नये, वर गेल्यावर दोरीने ओढून घ्यावी. पत्र्याचं छप्पर असेल तर अजून जपून, सिमेंटचा जुना पत्रा आणि उजेडासाठी लावलेला पारदर्शक पत्रा माणसाचं वजन पेलत नाही, आणि धूळ बसली की दोन्ही बाकीच्या पत्र्यासारखेच दिसतात. हार्नेसची दोरी पॅनलच्या फ्रेमला बांधायची नाही, आणि शक्यतो इतकीच लांब ठेवायची की माणूस कडेपर्यंत पोचूच नये. वर कुणी एकट्याने जायचं नाही, खाली लक्ष ठेवायला कुणीतरी हवंच.

आता विजेचं. इन्व्हर्टर बंद केला म्हणजे पॅनल बंद झाले असं बऱ्याच जणांना वाटतं, मलाही वाटायचं. ऊन आहे तोवर पॅनल वीज बनवतच असतो, त्याला बटण नाही. दहा पॅनल एका ओळीत जोडलेले असले की 400 व्होल्टच्या आसपास डीसी, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी वीज, त्या वायरीत असते. वीज वाहत असताना कनेक्टर (वायरी जोडायची पिन) ओढला तर जी ठिणगी पेटते ती घरातल्या एसी विजेसारखी पटकन विझत नाही, जळत राहते. म्हणून आधी एसी विजेचा स्विच बंद, मग डीसी आयसोलेटर, म्हणजे पॅनलकडून येणारी वीज तोडायचा स्विच, आणि कनेक्टरला हात फक्त जाणकाराने लावायचा. काच तडकलेल्या पॅनलवर तर पाणी मारूच नका, ओल्या हाताने त्याला शिवूही नका.

धुवायचं ते सकाळी लवकर, काच गार असताना. भर उन्हात तापलेल्या काचेवर गार पाणी ओतलं तर ती तडकू शकते. शक्य तिथे लांब दांड्याचा मऊ ब्रश घेऊन गच्चीवर उभं राहूनच काम उरकावं, वर चढावंच लागू नये यासारखं सुरक्षित काही नाही.

आम्ही आता जाळी आणि रेलिंग करून घेतोय. त्या मुलालाच परत बोलावून विचारलं की बाबा, तुला कुठून चढायला बरं पडेल. त्याने खडू घेऊन जमिनीवर शिडीची जागा आखली, मग वर बोट दाखवून म्हणाला, "आधी त्या कोपऱ्यात रेलिंग करा काका, तिथे दर वेळी पाय लटपटतो." इतके दिवस हे त्याला कुणी विचारलंच नव्हतं. काम होईपर्यंत त्याला वर चढू देणार नाही, पॅनलवर महिनाभर धूळ राहिली तरी राहू दे.