एक्काजोडी आली की गप्प बसायचं म्हणे!

रविवारी सकाळी चहा घेता घेता फोन उघडला तर भाच्याचा मेसेज. भाचा टोरंटोला असतो, तिकडे ऑन्टारियोत २०२२ पासून ऑनलाइन पोकर रीतसर लायसन्सवर चालतं, तो आपला दहा-पंचवीस सेंटच्या टेबलवर खेळतो (दर डावाला दोघांनी आधीच सक्तीने टाकायचे पैसे: स्मॉल ब्लाइंड दहा सेंट, बिग ब्लाइंड पंचवीस), म्हणजे पंचवीस डॉलर घेऊन बसायचं. मेसेज असा, "मामा, साइट रिग्ड आहे. एसेस आले आणि सगळे गेले." (रिग्ड म्हणजे साइटच गडबड करते, एसेस म्हणजे एक्काजोडी.) सोबत त्या डावाची हिस्टरी, आणि त्याच्या खाली ज्याच्या भरवशावर तो डाव खेळला तो फॉरवर्ड: "ऑनलाइन पोकरमध्ये मोठे पत्ते आले तर? ७ गुप्त नियम." तोही मराठीत, आणि आला कुठून तर आमच्याच फॅमिली ग्रुपवरून, टाकणारे त्याचे वडील म्हणजे आमचे दाजी, ज्यांनी जन्मात पोकर खेळलेलं नाही. दिवाळीत तीनपत्ती, तीही बूट, म्हणजे सुरुवातीला टाकायची रक्कम, दहा रुपयांच्या वर गेली की बास म्हणणारे. पण फॉरवर्डला हात लावल्याशिवाय माणसाला राहवत नाही.

आता हे सात नियम एकेक करून बघू. सगळ्यांना सारखा वेळ देणार नाही, काहींची लायकीच नाही.

नियम १: "एक्काजोडी आली की रेझ करू नका, सगळे पळून जातील. गुपचूप फक्त कॉल करा, सगळ्यांना आत येऊ द्या, मग झडप घाला."

रेझ म्हणजे रक्कम वाढवणं, कॉल म्हणजे समोरच्याएवढेच पैसे टाकणं, फोल्ड म्हणजे पत्ते टाकून देणं. आणि हा नियम म्हणजे तीनपत्तीतलं डोकं आहे. तीनपत्तीत हातात ट्रेल, म्हणजे तीन सारखे पत्ते, आली की आपण तोंड पाडून बसतो, बारीक चाल करतो, समोरचा फुगत जातो. आणि तिथे ते बरोबरच आहे, कारण तीन पत्ते वाटून झाले की विषय संपला, नवा पत्ता यायचाच नाहीये, तुमची ट्रेल शेवटपर्यंत ट्रेलच राहते. होल्डेममध्ये, म्हणजे भाचा खेळतो त्या पोकरमध्ये, तुमच्या हातात दोन पत्ते आहेत आणि टेबलावर सगळ्यांसाठी मिळून अजून पाच यायचेत, त्यातले पहिले तीन एकदम येतात, तो फ्लॉप. आत्ता तुम्ही पुढे आहात एवढंच, आणि जेवढी माणसं आत घ्याल तेवढी माणसं त्या पाच पत्त्यांकडे डोळे लावून बसणार.

आकडे हवेत तर कुठल्याही इक्विटी कॅल्क्युलेटरमध्ये (जिंकण्याची शक्यता काढून देणारं) टाकून बघा, फुकट मिळतात. एक्काजोडीसमोर कुठलेही पत्ते घेतलेला एक जण असेल तर ती ८५ टक्के वेळा जिंकते. दोघं असले तर ७३. तिघं असले तर ६४. पाच जण असले तर ४९, म्हणजे निम्म्याच्या खाली! आणि आठ जण आत घेतलेत तर ३५. पत्ते तेच, फक्त तुम्ही दार उघडं ठेवलंत.

भाच्याचं नेमकं हेच झालं. सहा जणांचं टेबल, पहिला बोलायचा नंबर त्याचा, एसेस, आणि फॉरवर्डप्रमाणे पंचवीस सेंट टाकून गप्प. बटनवाल्याने (त्या डावाला वाटणाऱ्याच्या जागी बसलेल्याने) कॉल केला, स्मॉल ब्लाइंडने उरलेले पंधरा सेंट टाकले, बिग ब्लाइंडचे पैसे आधीच आत होते त्यामुळे तो फुकटात आला. पॉट, म्हणजे मध्ये जमलेले पैसे, किती? एक डॉलर. समोर तिघं. फ्लॉप आला नव्वी, सत्ती, तिरी. फुकटात आलेल्या माणसाकडे नव्वी-सत्ती, म्हणजे दोन जोड्या, आणि आमचे चिरंजीव "आता झडप" म्हणून पंचवीसच्या पंचवीस डॉलर त्याच्या ताटात वाढून आले. यात साइटने काय केलं सांगा? त्या माणसाला नव्वी-सत्ती घेऊन फ्लॉप बघायचं आमंत्रण भाच्याने स्वतः दिलं.

आता पंचाहत्तर सेंट रेझ केलं असतं तर? नव्वी-सत्तीवाल्याने बहुतेक पत्ते टाकले असते. समजा त्याने कॉल केलाच आणि बाकीचे गेले, तरी पॉट होतो एक डॉलर साठ सेंट आणि समोर माणूस एकच. आणि एकच माणूस असला की त्याच्याकडे काहीही असू दे, एसेस साधारण ७७ टक्क्यांच्या खाली जात नाहीत, एसेसना सगळ्यात जास्त त्रास देणारे सत्ती-छक्की एकाच रंगात असे पत्ते धरले तरी. म्हणजे एका डॉलरसाठी तिघांशी भांडायचं की एक डॉलर साठसाठी एकाशी? हे विचारायला गुप्त नियम कशाला लागतो?

एक गोष्ट नाइलाजाने मान्य करतो. मागे एखादा असा माणूस बसला असेल जो काहीही आलं की रेझच करतो, किंवा तुमच्या आधीच कुणीतरी मोठं रेझ केलंय आणि त्याच्याकडे पैसे थोडेच उरलेत, तर एसेस घेऊन नुसता कॉल करणं चालतं, चांगले खेळाडूही करतात. पण तो डाव त्या एका माणसाला बघून खेळलेला असतो. "सगळ्यांना आत येऊ द्या" हे त्यात कुठेच नसतं.

नियम २, "एक्का-बादशहा म्हणजे ऑल-इन, डोळे मिटून." ऑल-इन म्हणजे समोरचे सगळे पैसे एकदम लावणं. डोळे मिटू नका. एक्का-बादशहा भारी आहेच, पण ती जोडी नाही. वेगवेगळ्या रंगाचे असतील तर राणीच्या जोडीसमोर जिंकण्याचा चान्स ४३ टक्के, दुर्रीच्या जोडीसमोरसुद्धा किंचित मागेच, आणि एक्काजोडीसमोर जेमतेम ७. फ्लॉपवर एक्का किंवा बादशहा येण्याची शक्यता ३२ टक्के, म्हणजे तीनातून दोनदा तुमच्याकडे काहीही नसतं. रेझ करा, कुणी उलटून रेझ केलं तर तो कोण आहे आणि त्याच्यापुढे किती पैसे आहेत ते बघा. समोरच्याकडे एक्का-राणी असेल तर मात्र मजा आहे, तेव्हा तुम्ही ७४ टक्के.

नियम ३ म्हणतो बादशहाजोडी असेल आणि फ्लॉपवर एक्का आला की लगेच फोल्ड. एक्का २३ टक्के वेळा येतोच, आणि तो आला म्हणजे समोरच्याच्या हातातही आहे असं कुणी सांगितलं? बारीक बेट करा किंवा चेक करा, म्हणजे पैसे न लावता थांबून बघा, तो काय करतो त्यावर ठरवा. आणि "बादशहा आले की कुणाकडे तरी एसेस असतातच" ही जी पुरवणी जोडलीय, सहा जणांच्या टेबलवर तसं चाळीसात एकदा होतं. लक्षात मात्र तेवढंच राहतं.

नियम ४, गुलामजोडी पनवती आहे, टाकून द्या. ५७ टक्के वेळा फ्लॉपवर गुलामापेक्षा मोठा पत्ता येतो हे खरं, म्हणून ती खेळायला अवघड आहे. अवघड म्हणजे पनवती नाही. पुढे.

नियम ५: "ऑनलाइन साइट मुद्दाम मोठे पत्ते हरवतात. पैसे भरल्यावर पहिले काही डाव जिंकून देतात, मग एसेस देऊन लुटतात."

यात अर्धा दाणा खरा आहे तो आधी काढून ठेवतो. १९९९ मध्ये प्लॅनेट पोकर नावाच्या साइटवर पत्ते पिसणारं सॉफ्टवेअर खरंच कच्चं निघालं होतं. पिसायची सुरुवात कॉम्प्युटरच्या घड्याळावरून, म्हणजे मध्यरात्रीपासून किती मिलिसेकंद झाले त्यावरून व्हायची, आणि दिवसात मिलिसेकंद असतात ८ कोटी ६४ लाख, तर ५२ पत्ते लावायच्या पद्धतींची संख्या लिहायला ६८ आकडे लागतात. अमेरिकेतल्या रिलायेबल सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या लोकांनी आपले दोन आणि फ्लॉपचे तीन पत्ते बघून बाकी सगळ्यांचे पत्ते ओळखून दाखवले. पुढे २००७-०८ मध्ये अ‍ॅब्सोल्यूट पोकर आणि अल्टिमेटबेटवर आतल्याच लोकांनी दुसऱ्यांचे पत्ते बघून पैसे लाटल्याचं उघड झालं. म्हणजे चोऱ्या झाल्यात. पण चोराने काय केलं ते बघा, त्याने पत्ते बघितले. तुमचे एसेस हरवायचा उद्योग केला नाही. साइटला तर तुम्ही हरा नाहीतर मी हरो, पॉटमधून तिचा कट मिळतोच.

आणि गंमत म्हणजे तीच कंपनी, नंतर तिचं नाव सिजिटल झालं, तिने २००९ मध्ये पोकरस्टार्सवरचे १० कोटींहून जास्त डाव तपासले. ७५.७ टक्के डाव पत्ते न दाखवताच संपले होते! चारातले तीन! जे दाखवण्यापर्यंत गेले त्यातही जवळपास निम्म्या वेळा ज्याचे पत्ते शेवटी सगळ्यात भारी ठरले असते तो आधीच फोल्ड करून बसलेला. (डेटा साइटचाच होता हे मान्य, पण प्लॅनेट पोकरचं पितळ उघडं पाडणारी कंपनीही हीच होती.) म्हणजे मोठे पत्ते आपोआप जिंकतात हेही खोटं आणि साइट ते हरवते हेही, बहुतेक डाव कुणी किती बेट केलं आणि कुणी सोडलं यावरच मिटतात.

मग "ऑनलाइन जास्त हरतात" असं का वाटतं? एक्काजोडी सरासरी २२१ डावांत एकदा येते. गोव्याच्या कसिनोत टेबलवर तासाला पंचवीस-तीस डाव होतात, म्हणजे आठेक तासांत एकदा एसेस. ऑनलाइन चार टेबलं उघडली की तासाला तीनेकशे डाव सहज, दर तासाला एसेस. जोडीसमोर ऑल-इन गेलात तर पाचातून एकदा हरणार, आणि ते रोज संध्याकाळी दिसणार.

आणि आता नियम ६, ज्याच्यासाठी मी हे सगळं लिहायला बसलो. "एसेस हरले तर उठू नका. पत्ते तुमचं देणं लागतात. पुढच्या टेबलवर दुप्पट पैसे घेऊन बसा, वसूल होतील."

कोण देणं लागतं? कुठल्या खात्यावर? प्रत्येक डावाला गड्डी नव्याने पिसली जाते, १३२६ शक्य जोड्यांपैकी एसेसच्या सहा, मागच्या डावात काय झालं याच्याशी काडीचा संबंध नाही. जोडीसमोर एसेस सलग दोनदा हरणं हे पंचवीस-तीसात एकदा होतं, म्हणजे महिनाभर खेळणाऱ्याला ते दिसणारच. आणि दुप्पट म्हणजे किती ते मोजा की! २५, ५०, १००, २००, ४००. पाच वेळा हरलात की ७७५ डॉलर गेले, सुरुवात पंचवीसपासून होती. वर अजून एक गोम आहे जी फॉरवर्डवाल्याला ठाऊकच नाही: बहुतेक टेबलांवर किती पैसे घेऊन बसायचं याला मर्यादा असते, साधारण बिग ब्लाइंडच्या शंभरपट. म्हणजे दुप्पट घेऊन बसायचं तर दुप्पट ब्लाइंडच्या टेबलवर जावं लागतं, तिथे खेळणारे जास्त चांगले, आणि तुम्ही तिथे डोकं गरम असताना पोचताय. भाचा पोचला होता. पन्नासचं टेबल झालं, मग शंभरचं. विचारल्यावर दोन तास रिप्लाय नाही, मग नुसतं "हो". एकूण किती गेले ते ताईला सांगू नको म्हणाला, तर इथेही लिहीत नाही.

नियम ७ म्हणजे "पोकर हा स्किल गेम आहे म्हणून भारतात कायदेशीर आहे, खालच्या लिंकवरून अ‍ॅप घ्या." अच्छा, म्हणजे वरची सगळी मेहनत या लिंकसाठी. २२ ऑगस्ट २०२५ ला राष्ट्रपतींची सही झालेल्या ऑनलाइन गेमिंगच्या कायद्यात स्पष्ट लिहिलंय की खेळ स्किलचा असो, नशिबाचा असो की दोन्हीचा, पैसे लावून ऑनलाइन असेल तर बंदी. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. खेळणाऱ्याला शिक्षा नाही, पण त्या लिंकवरच्या अ‍ॅपमध्ये पैसे अडकले तर मागायला जाणार कुणाकडे?

दाजींना फोन केला, म्हटलं तो मेसेज आधी काढा. ते म्हणाले, "अरे मी पूर्ण वाचलाच नव्हता, तो पोकर खेळतो म्हणून टाकला." मग म्हणाले अजून दोन ग्रुपवर टाकलाय, एक त्यांच्या वॉकिंगचा आणि एक दहावीच्या बॅचचा, आणि दहावीच्या ग्रुपवर एकाने विचारलंय की लिंक उघडत नाहीये, परत पाठवा.